सासूबाईंच्या मापाचा डोंगा

१० ऑगस्ट, रविवार

मीठ सापडलं नाही. माझ्याच स्वयंपाकघरात, माझंच मीठ! शेवटी सासूबाईंना विचारावं लागलं. त्यांनी टीव्हीवरची नजर न हलवता खालच्या फळीकडे बोट दाखवलं. सगळं आता खालच्या फळीवर आहे. मीठ, हळद, तेल, चहाचा डबा. "वरपर्यंत हात कोण पुरवीन?" — म्हणे. मी पुरवते ना हात! स्वयंपाक कोण करतं?

सासूबाई, म्हणजे प्रयागबाई, कुहीजवळच्या गावाहून शहरात, आमच्या नंदनवनच्या फ्लॅटमध्ये आल्या त्याला वर्ष होईल. कारण गुडघे. डॉक्टरांनी पाण्यात उभं राहणं बंद करायला सांगितलं, आणि बाईंचं उभं आयुष्य गावच्या तलावात छातीभर पाण्यात शिंगाडे तोडण्यात गेलेलं. घरचा लाकडी डोंगा, म्हणजे एका माणसाची छोटी होडी, सासरे असतानाच कुजला. नवा कोरून देणारं गावात कोणी उरलं नाही. मग पाण्यात उतरून तोडायचं, आणि मग गुडघे. आता त्या सोफ्यावर बसतात, आणि सोफा म्हणजे तलाव नाही याचा राग माझ्यावर काढतात.

इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय — मला त्या गावी परत गेलेल्या हव्या आहेत.

१३ ऑगस्ट, बुधवार

माझा कपडे भिजवायचा निळा टब गेला. बाल्कनीत ठेवून त्यात चिखल, पाणी आणि शिंगाड्याचा वेल. धर्मेंद्रनं गावाहून आणून दिला म्हणे, गुपचूप. नवरा आहे की टपालवाला! मी म्हटलं, डास होतील. म्हणाल्या, "मासे सोडते."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. धर्मेंद्र उशिरापर्यंत झोपलेला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते आणि सासूबाई टबापाशी पाटावर बसून वेलाची पानं पुसत होत्या — हो, पुसत! मध्येच टबाच्या काठावर हात मारून म्हणाल्या, "हा असाच, पण मोठा असता न वं श्वेता, तर मी यातच बसून तलावात गेली असती. गुडघ्याले पाणी लागलंच नसतं."

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

मी रोज कारखान्यात दुसरं काय करते? फायबरचे टब, कचराकुंड्या, गेटवरच्या वॉचमनच्या केबिन — सगळ्यांचे साचे मीच कॉम्प्युटरवर काढते. मग फायबरचा डोंगा का नाही? एका माणसापुरता. कुजणार नाही, गंजणार नाही, एकटी बाई काठावर ओढून घेईल इतका हलका. डोंगा झाला की गुडघ्यांचं कारण संपलं. गुडघ्यांचं कारण संपलं की सासूबाई गावी. धर्मेंद्रलाही वाटेल, आईची हौस पुरवली.

इतका देखणा कट माझ्या डोक्यात आजवर शिजला नव्हता. दिवसभर मी एवढी गोड वागले की धर्मेंद्रनं कपाळाला हात लावून पाहिला. "ताप-बिप तं नाही न तुले?"

१७ ऑगस्ट, रविवार

सासूबाईंना सांगितलं. आधी विश्वास बसला नाही. मग टीव्ही बंद केला. स्वतःच्या हातानं! वर्षभरात पहिल्यांदा.

मापं घेतली. तलावात प्रत्येकाचा तुकडा बांबू रोवून वेगळा केलेला असतो, आणि आत जायची फट तेवढीच. "दोन बांबूंच्या मधून निघाला पायजे, नाहीतं काय कामाचा?" त्यांनी दोन हात समोर धरले. मी टेप लावला — बहात्तर सेंटीमीटर. स्वयंपाकघरात जाऊन आले, पुन्हा धरायला लावले — पुन्हा बहात्तर. म्हणजे डोंग्याचा वरचा काठ सत्तर. त्या आकड्याला मी कॉम्प्युटरवर कुलूप लावून ठेवलं.

आमच्या सॉफ्टवेअरची हीच मजा आहे. नुसतं चित्र काढायचं नसतं, आकडे एकमेकांना बांधून ठेवायचे असतात. माणसाचं वजन इतकं, तर तळ इतका रुंद. तळ इतका, तर बाजूच्या फळ्या इतक्या. मग एक आकडा बदलला की बाकीचे आपणहून सरकतात. घरात पाहुणा वाढला की कुकरमधली डाळ, तांदूळ आणि मीठ आपोआप वाढावं तसं. (आमच्याकडे पाहुणा वाढला तेव्हा आपोआप काही वाढलं नाही, ते मीच वाढवते आहे.)

मग विचारलं, "आई, वजन किती तुमचं?"

"अठ्ठेचाळीस." पापणी लवली नाही.

"एकदा काट्यावर उभ्या राहा ना. आहे घरात."

"तोलायची चीज शिंगाडा. बाई नाही."

विषय संपला. अठ्ठेचाळीस टाकलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी ही पुतळ्यांची मिरवणूक सासूबाईंनी कधी पाहिली नव्हती, म्हणून इतवारीत घेऊन गेले. ही गर्दी. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे बडग्यांचे पुतळे, आणि पोरं घसा फोडून ओरडताहेत — रोगराई घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत! सासूबाई टाचा उंचावून बघत होत्या. गुडघे वगैरे काही आठवत नव्हते.

लिहू का? लिहितेच. मीही म्हटलं, मनातल्या मनात. त्यात एक नाव जोडलं. घेऊन जा गे मारबत — फक्त कुहीपर्यंत, त्यापुढे नको.

येताना त्यांना उसाचा रस पाजला. मन खात होतं.

२४ ऑगस्ट, रविवार

दिवसभर लॅपटॉप. सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "कुकर लाव" नाही, "चहा ठेव" नाही, नुसत्या बघत राहिल्या.

आकार सोपाच ठेवला. सपाट तळ, चार सपाट बाजू, पुढचं तोंड थोडं उचललेलं. साचा प्लायवूडचा, आतून सनमायका. त्याला मेण लावायचं, आत फायबरची चटई आणि केमिकल थापायचं, वाळलं की डोंगा उचलून घ्यायचा. गुळगुळीत बाजू आपोआप बाहेर.

"मंग अडकत कसा नाही?" त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. म्हटलं, कुल्फी आठवा. कुल्फीचा साचा वर रुंद आणि खाली निमुळता, म्हणून कुल्फी सुळकन निघते. त्याला ढाळ म्हणतात. आपला काठ सत्तर आणि तळ बासष्ट, म्हणजे भरपूर ढाळ.

"आणि माठासारखा केला तं?"

"मग आतली वस्तू कधीच निघायची नाही."

त्यांनी मान हलवली. स्क्रीनवर डोंगा गोल फिरवून दाखवला तर म्हणाल्या, "हळू फिरव वं, पडन." मी हसले तर त्याही हसल्या. पुढचे दात किती छान आहेत त्यांचे. इतके दिवस दिसले नव्हते.

३१ ऑगस्ट, रविवार

सीताबर्डीहून खऱ्या मापाची प्रिंट काढून आणली. हॉलमध्ये अंथरली तर सोफा बाल्कनीत न्यावा लागला! फरशीभर कागदाचा डोंगा. सासूबाईंनी चप्पल काढली — घरात घातलेली घरातलीच चप्पल, तीही काढली — आणि कागदावर मधोमध जाऊन बसल्या. पाय पुढे. मग एका बाजूला वाकून फरशीवरून काहीतरी उचललं, उलटवलं, खालचं तोडलं, मागे टाकलं. पुन्हा वाकल्या. मला आधी कळेना. शिंगाडे तोडत होत्या! हॉलमध्ये!

धर्मेंद्र दारातून आत आला आणि तिथेच थांबला. "माय, पाणी किती हाय वं हॉलमध्ये?"

"तू बाजूले सरक. वेलावर पाय देऊन राहिला."

त्यानं खरंच पाय उचलला. मी इतकी हसले की पोटात कळ आली.

१३ सप्टेंबर, शनिवार

सासूबाईंच्या चष्म्याची काडी तुटली म्हणून सीताबर्डीला गेलो, मेट्रोनं. त्यांनी आख्ख्या प्रवासात खाली बघून सांगितलं की कोणाच्या गच्चीवर काय वाळत घातलं आहे.

व्हरायटी चौकाच्या अलीकडे फुटपाथवर एक म्हातारबुवा वजनाचा काटा ठेवून बसलेले असतात. त्यांच्यासमोर सासूबाई थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गिऱ्हाईक नाही बिचाऱ्याले." आणि चढल्या! हातातली पिशवी मात्र खाली ठेवेनात.

"पिशवी द्या ना माझ्याकडे."

"राहू दे."

चौसष्ट. पिशवीत चष्म्याचं घर आणि पाव किलो जिलबी. थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "पिशवी भारी होती." आणखी पुढे गेल्यावर, "तुमचा फ्लॅट चढला अंगावर. बसून बसून." आणि मेट्रोत बसल्यावर, खिडकीकडे बघत, अगदी हळू, "त्रेसष्ट टाक."

मला त्या क्षणी त्या एकदम आवडल्या. काय करावं!

१४ सप्टेंबर, रविवार

अठ्ठेचाळीस खोडून त्रेसष्ट टाकलं. डोळ्यासमोर तळ रुंदावला, फळ्या सरकल्या, पुन्हा सगळं जागच्या जागी. कुठे लाल खूण नाही, तक्रार नाही. हे सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या घरी सदा आनंद नांदो! नव्या प्रिंट काढायला टाकल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

कारखान्याचे मालक रविंद्रभाऊ आधी कुरकुरले, मग म्हणाले, रविवारी मागचा शेड रिकामाच असतो, उरलेला माल वापर. सासूबाईही आल्या. रविंद्रभाऊ त्यांना "मावशी" म्हणाले आणि खुर्ची दिली. त्या खुर्चीवर काही बसल्या नाहीत.

साचा उभा राहिला. सांधे मी दोन्हीकडून भरले आणि बाहेरून वर फायबरची पट्टी मारली, हलायला नको म्हणून. दणकट झाला आहे. हत्ती बसवला तरी हलणार नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज थापला! माया आली होती, आमच्याकडची सगळ्यात जुनी थापणारी. मी, माया आणि सासूबाई, तिघी साच्याभोवती. आधी रंगाचा थर, तो हिरवा. "वेलात लपला पायजे," सासूबाईंचा हट्ट. मग चटई, केमिकल, ब्रशनं ठोकायचं म्हणजे हवा निघते. मायानं त्यांना मास्क आणि हातमोजे घालून दिले आणि एकदा दाखवलं. थोड्या वेळानं तिघींचे ब्रश एका ठेक्यात पडायला लागले. सासूबाई मास्कमधून काहीतरी गुणगुणत होत्या.

"तुह्या सासूले कामावर ठेवते का वं?" माया म्हणाली.

"मला यांना गावी पाठवायचं आहे," हे मी म्हटलं नाही. आज ते आठवलंही नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

अडकला.

३० सप्टेंबर, मंगळवार

काल लिहायची ताकद नव्हती.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर डोंगा काढायला घेतला. सासूबाई नवीन पातळ नेसून आल्या होत्या, ओटी भरायला जावं तसं. कडेनं पाचरी मारल्या. हलला नाही. हवा मारली, पाणी सोडलं, रबरी हातोडा झाला, चौघांनी मिळून ओढलं. रविंद्रभाऊ म्हणाले, "मेण लावायले विसरली काय वं?" मेण मी चार हात लावलं होतं! डोंगा आत थोडा खालीवर होत होता, म्हणजे चिकटला नव्हता. पण बाहेर यायला तयार नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "लेकरू आडवं आलं." माया हसली. मला हसू आलं नाही. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि एकेक आकडा तपासला.

काठ सत्तरला कुलूप. तळ वजनाला बांधलेला. अठ्ठेचाळीसला तळ होता बासष्ट. त्रेसष्टला झाला — एकाहत्तर. तळ काठापेक्षा एका सेंटीमीटरनं रुंद. मी माठ केला, माठ! आणि सासूबाईंनी ते विचारलंही होतं, कुल्फीच्या वेळी. सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं करून दिलं, कारण ढाळ पाहायला मी त्याला सांगितलंच नव्हतं. आणि स्क्रीनवर दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा सेंटीमीटर कोणाला दिसतो?

शिंगाडा दिवाळीच्या तोंडावर तयार होतो. हातात दोन आठवडे. साचा तोडायचा की डोंगा तोडायचा? एक तरी जाणारच.

सासूबाई मागे उभ्या होत्या हे मला कळलं नाही. "काय झालं होतं मंग?"

दमले होते, तोंडातून निघून गेलं. "तुम्ही आधीच खरं वजन सांगितलं असतं तर हे झालं नसतं."

त्या आत गेल्या. लागलंच असेल. मला माझाच राग आला — न बघता छापायला टाकलं मी, आणि बोलले त्यांना. जीभ चावून बसले. आता रुसतील, आता पुन्हा टीव्ही.

मग बाहेर आल्या, हातात जिलबीची बशी. माझ्यासमोर ठेवली. "खा. मी बी खाते. आता तं वजन सांगून झालं."

१ ऑक्टोबर, बुधवार

ठरलं. साचा कापायचा, डोंगा वाचवायचा.

सासूबाई म्हणतात, "सीझर."

५ ऑक्टोबर, रविवार

कारखान्यात सीझर झालं. मायानं ग्राइंडर धरला, मी रेघ मारून दिली. मी एवढ्या प्रेमानं पक्के केलेले सांधे! एकेक कापताना जीव तुटत होता. शेवटची फळी निघाली आणि डोंगा अलगद एका अंगावर आला. हिरवागार. चकाचक. कडेला ग्राइंडरचा एक ओरखडा, तेवढाच.

सासूबाईंनी दोन्ही हातांनी काठ धरून तो एकट्यानं ओढून पाहिला. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. परत आणला. पुन्हा नेला. सगळे टाळ्या वाजवायला लागले, रविंद्रभाऊसुद्धा.

साच्याचे तुकडे कोपऱ्यात पडलेत. त्यांच्याकडे बघून वाईट वाटलं, पण थोडंच.

१२ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

टेम्पोत डोंगा, डोंग्यात सासूबाईंची पेटी आणि गाठोडं. तलावावर निम्मं गाव जमलेलं. सासूबाईंची शेजारीण भीमाबाई सगळ्यात पुढे, कमरेवर हात ठेवून. "प्लाष्टिकचा दिसते. बुडन."

पाण्यात ढकलला, सासूबाई बसल्या. हिशेबात मी वजन धरलं, शिंगाड्याचं पोतं धरलं, सगळं धरलं, पण मोजणं वेगळं आणि सासू पाण्यात सोडणं वेगळं! मला स्वतःला पोहता येत नाही.

तरंगला. थोडाही कलला नाही. वल्ह्याचे दोन फटकारे मारून त्या वेलांत शिरल्या. पुढे दोन बांबू. मी डोळे मिटले. कर्र असा आवाज आला, डोंग्याच्या पोटाला बांबू घासला, आणि पलीकडून सासूबाईंचा आवाज — "निघाला वं!"

एकाहत्तर. बहात्तरच्या फटीतून. माझी चूक जेमतेम मावली.

थोड्या वेळानं त्या ओंजळभर शिंगाडे घेऊन काठाला आल्या. मी सोलून खात होते. त्या डोंग्यातच बसून माझ्याकडे बघत होत्या. गुडघे कोरडे.

"श्वेता वं, एक सांगू? बाकीच्या सुना सासूले तोंडानं काढून देतात. तू डोंगा बांधला."

हातातला शिंगाडा मी खाली ठेवला.

"मले पहिल्या दिवशीपासून माहीत होतं. एवढी गोड तू काहून वागून राहिली, हे न समजाले मी काय लहान हाव? मारबतीच्या दिवशी तुहे ओठ हलले."

"आई, मी —"

"मीनं बी घेतलं होतं नाव. तुहंच." आणि पुढचे सगळे दात दिसले.

मी तिथेच काठावर चिखलात बसून हसले. हसता हसता रडले की काय ते कळलं नाही. धर्मेंद्र विचारत होता काय झालं, काय झालं. दोघींपैकी कोणीही सांगितलं नाही.

निघताना पाया पडले. डोक्यावर हात ठेवला, ओला होता. त्या राहिल्या. आम्ही आलो. ठरलं होतं तसंच झालं सगळं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

घर माझं! मिठाची बरणी, भांडी पुन्हा वरच्या फळीवर लावली. सगळी. टीव्ही बंद. शांतता.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मीठ घ्यायला सवयीनं दोनदा खाली वाकले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. दिवाळीला सासूबाई आल्या नाहीत, तोडणी सुरू आहे. फोन केला तर मागे पाण्याचा आवाज आणि बायकांचं हसणं. "आता ठेव वं, हात ओले हायेत." वर्षभर मला ज्या आवाजानं वैताग आणला तो ऐकायला मी फोन कानाला लावून बसले होते. ठेवल्यावर धर्मेंद्र म्हणाला, "करमून नाही राहिलं न तुले?" मी म्हटलं, काहीतरीच.

करमत नाही. अजिबात करमत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

टबातल्या वेलाला शिंगाडे आले! तीन. एक धर्मेंद्रला दिला, दोन मी खाल्ले, बाल्कनीत उभ्यानं. कोवळे, गोड. सासूबाईंचा पाट तिथेच होता. मग त्यावर बसले.

दुपारी काहीच काम नव्हतं म्हणून डोंग्याची फाइल उघडली. कशासाठी, माहीत नाही. एक डोंगा हवा होता, तो झाला. पण ती चूक डोळ्यांत सलत होती. आता तळाच्या रुंदीलाही कुलूप लावलं, काठ सत्तर आणि तळ बासष्ट, काही झालं तरी. वजन वाढलं की डोंगा रुंद होणार नाही, लांब होईल. आणि साचा तीन तुकड्यांचा, बोल्टनं जोडलेला. पुढचं तोंड तेच, मागची बाजू तीच, मधला तुकडा तेवढा वजनाप्रमाणे बदलायचा. ढाळ कमी पडला की सगळं लाल होईल असंही बांधून ठेवलं.

पंचेचाळीस टाकून पाहिलं, ऐंशी टाकून पाहिलं. डोंगा आखडतो, लांबतो, पण माठ होत नाही. दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजे जाड बाई आता लांब बाई. बरं केलं."

३० नोव्हेंबर, रविवार

मीठ खालच्या फळीवर ठेवलं. चहाचा डबाही. सोयीचं पडतं.

१४ डिसेंबर, रविवार

दुपारी बेल वाजली. दारात सासूबाई. तीच पेटी, तेच गाठोडं, वर शिंगाड्यांची पिशवी. उन्हानं काळ्याभोर झालेल्या, आणि चालताना लंगडत नव्हत्या.

"तोडणी संपली," म्हणाल्या. आत आल्या, चप्पल काढली, थेट स्वयंपाकघरात. खालच्या फळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

मग लॅपटॉपसमोर स्वतःच खुर्ची ओढली. "उघड ते. लिही. भीमाबाई, अठ्ठावन्न. सिंधूताई, एकाहत्तर. कामिनी, बावन्न —"

"ही वजनं कुठून आणली?"

"तोलून आणल्या. शिंगाड्याच्या काट्यावर, एकेकीले. पिशवी खाली ठेवाले लावून." सात जणी! पुढच्या हंगामाआधी सात डोंगे. "रविंद्रभाऊशी बोलली मी फोनवर. मागचा शेड आपला. मायाले बी सांगून ठेवलं. साचा इथी बनन, मंग मी तिथी काय करू?"

मी सात आकडे टाकले. सात डोंगे, सात लांब्या, कुठे लाल नाही.

"आता आठवा डोंगा," त्या म्हणाल्या. "तुहा. पोहणं मी शिकवते. वजन सांग."

मी छप्पन्न टाकलं.

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उद्या सीताबर्डीले जाऊ," त्या म्हणाल्या.